नोंद बिघडली, की दिसेनाशी झाली?

कुठल्याही मोठ्या कचेरीत सकाळी संगणकापुढे बसून नाव आणि पासवर्ड टाकला, की पडद्याआड एक चौकशी होते. ईमेल, वायफाय, हजेरी, रजेचा अर्ज, प्रिंटर या सगळ्यांची चौकशी एकाच ठिकाणी जाते. ते ठिकाण म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर. तिथे प्रत्येक माणसाची एक नोंद असते: नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग, ईमेलचा पत्ता, पासवर्डचं सांकेतिक रूप, कोणकोणत्या गटांत तो आहे ते. नोंद ठीक असेपर्यंत ती आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात नसतं. ती चुकली, की माणूस कामावर हजर असूनही संस्थेच्या लेखी नसतो. ईमेल उघडतं पण पगारपत्रक उघडत नाही, किंवा पुण्यात लॉगिन होतं आणि नाशिकला होत नाही. मग सर्व्हर सांभाळणारा माणूस ठरलेलं वाक्य बोलतो, “एंट्री करप्ट झालीय.”

या वाक्यावर माझा विश्वास नाही. डिस्क खराब होते, वीज जाऊन फाइल अर्धवट लिहिली जाते, हे खरं आहे. पण डिरेक्टरीतल्या ‘बिघडलेल्या’ नोंदी नीट तपासल्या, तर बहुतेक ठिकाणी सर्व्हरने सांगितलं तेच तंतोतंत केलेलं आढळतं. घोटाळा झालेला असतो तो दोन सर्व्हरांनी एकाच गोष्टीचा वेगवेगळा इतिहास पाहिल्यामुळे, नाहीतर दोन वाचकांना एकाच नोंदीचा वेगवेगळा भाग दिसत असल्यामुळे. पहिली बाब रेप्लिकेशनची, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना बदल पोचवण्याची; दुसरी परवानग्यांची. या दोन बाबी एकमेकींत गुंतल्या, की चांगले जाणते लोकही चकतात.

त्या का गुंततात याचं मूळ इतिहासात आहे. डिरेक्टरीचं जागतिक प्रमाण म्हणून १९८८ साली एक्स-५०० आलं. ते फार अवजड होतं, साध्या संगणकाला पेलणारं नव्हतं. मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला एक हलकी वाट काढून दिली. ती एलडॅप. जुलै १९९३मध्ये आरएफसी १४८७ या क्रमांकाने तिचं पहिलं वर्णन प्रसिद्ध झालं, त्यावर वेंगयिक यॉन्ग, टिम हाउज आणि स्टीव्ह किल यांची नावं आहेत. तिसरी आवृत्ती १९९७ची, आणि आजही जग तीच वापरतं. गंमत अशी, की ज्या वर्षी एलडॅप जन्मली त्याच १९९३च्या एक्स-५००च्या आवृत्तीत रेप्लिकेशन आणि परवानग्या या दोन्हींचे नियम घातले गेले होते. एलडॅपने ते घेतले नाहीत. तिला हलकंच राहायचं होतं. पुढे आयईटीएफ या इंटरनेटची प्रमाणं ठरवणाऱ्या मंडळात दोन्ही विषयांवर काम सुरू झालं. परवानग्यांकडून काय अपेक्षा आहेत हे सांगणारा दस्तऐवज २०००मध्ये निघाला, रेप्लिकेशनबद्दलचा २००२मध्ये. अपेक्षा लिहून झाल्या, पण सर्वांनी पाळावं असं प्रमाण काही तयार झालं नाही.

परिणामी नोंद शोधायची, वाचायची, बदलायची भाषा सगळ्या सर्व्हरांची एकच आहे. पण ती नोंद दुसऱ्या सर्व्हरवर कशी पोचते आणि ती कुणाला दिसते, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलं. ओपनएलडॅपचे नियम वेगळे, नेटस्केपच्या सर्व्हरपासून वाढत आलेल्या ‘३८९ डिरेक्टरी सर्व्हर’चे वेगळे, मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे आणखी वेगळे. एकावर शिकलेला माणूस दुसऱ्यावर हात घालतो तेव्हा नेमक्या याच दोन ठिकाणी ठेचकाळतो.

आधी रेप्लिकेशन घेऊ. एकच सर्व्हर असला आणि तो बंद पडला तर सगळी संस्था ठप्प होते, म्हणून दोन-चार सर्व्हर ठेवतात आणि त्यांच्यावर तीच माहिती राखतात. एकावरच लिहायची मुभा असेल तर भानगड कमी. पण दोन शहरांतल्या दोन सर्व्हरांवर लिहिता येत असेल, तर मधली लाइन तुटलेली असतानाही दोन्हीकडे लिहिणं चालूच राहतं. तसं ते चालू राहावं यासाठीच ही व्यवस्था असते.

समजा, पुणे आणि नाशिक इथे ३८९ जातीचा एकेक सर्व्हर आहे. नाशिकला सुनीता जोशी नावाच्या बाई नव्याने रुजू झाल्या. त्यांना आजच काम सुरू करायचं आहे म्हणून तिथल्या कारकुनाने नाव, आडनाव आणि पासवर्ड एवढंच घालून ‘एसजोशी’ ही नोंद हाताने तयार केली. नेमकी तेव्हा लाइन बंद होती. थोड्या वेळाने पुण्यात मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीने ‘एसजोशी’ हीच नोंद आपणहून तयार केली. तिच्यात कर्मचारी क्रमांक, विभाग, वेतनश्रेणी असं सगळं होतं. पुण्याच्या सर्व्हरला नाशिकचं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याने ती बिनतक्रार घेतली. मग लाइन आली आणि दोघांनी आपापले बदल एकमेकांना दिले.

आता एका नावाच्या दोन नोंदी झाल्या, आणि डिरेक्टरीच्या झाडासारख्या रचनेत एका फांदीवर एका नावाची एकच नोंद असू शकते. सर्व्हर काय करतो हे जवळून पाहण्यासारखं आहे. त्याच्या लेखी नोंदीची खरी ओळख ‘एसजोशी’ ही नसतेच. प्रत्येक नोंदीला जन्मतःच एक लांबलचक अद्वितीय क्रमांक मिळतो आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. शिवाय प्रत्येक बदलावर एक शिक्का असतो. त्याला बदल-शिक्का म्हणू. हा शिक्का हेक्साडेसिमल पद्धतीत लिहिलेल्या २० अक्षरांचा असतो. पहिली ८ अक्षरं म्हणजे १ जानेवारी १९७०पासून मोजलेले सेकंद, पुढची ४ त्या सेकंदातला अनुक्रम, त्यापुढची ४ म्हणजे बदल कुठल्या सर्व्हरवर झाला त्याचा क्रमांक आणि शेवटची ४ उप-अनुक्रमाची. हे शिक्के ताडून पाहिले की दोन्ही सर्व्हर एकमेकांना न विचारता एकाच निर्णयाला येतात. हा निर्णय असा, की आधी जन्मलेल्या नोंदीकडे नाव राहील आणि नंतरच्या नोंदीच्या नावापुढे तिचा अद्वितीय क्रमांक जोडला जाईल. त्याबरोबर तिच्यावर ‘नावाचा संघर्ष’ अशी एक खूण बसते. अलीकडच्या आवृत्त्यांत अशी नोंद नेहमीच्या शोधात दिसतही नाही, ती मुद्दाम मागवावी लागते.

म्हणजे नाशिकच्या कारकुनाची अर्धीमुर्धी नोंद जिंकली आणि मनुष्यबळ विभागाची भरलेली नोंद लपली. जोशीबाईंना लॉगिन होतं, कारण पासवर्ड जिंकलेल्या नोंदीत आहे. पगाराची प्रणाली कर्मचारी क्रमांकाने शोधते, तिला कुणीच सापडत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, नोंदीतले अर्धे गुणधर्म गळून पडले. पण गळलेलं काहीच नाही, फक्त दुसऱ्या नोंदीत आहे. इथे घाईत एक चूक होते. कुणीतरी लपलेली नोंद शोधून काढतो, तिचं ते विचित्र, अंकांनी भरलेलं नाव पाहून “हीच ती करप्ट एंट्री” म्हणतो आणि उडवतो. त्या क्षणी खरी माहिती जाते, आणि रेप्लिकेशन इमानाने ते पुसणं प्रत्येक सर्व्हरवर नेऊन पोचवतं. दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवून पाहायच्या, कोणती ठेवायची ते ठरवायचं आणि मगच हात लावायचा. ३८९मध्ये दोघींची तुलना करण्याची, अदलाबदल करण्याची आणि हरलेल्या नोंदीला नवं नाव देऊन वेगळी जपण्याची सोय आहे. ती वापरायची सोडून हाताने काटछाट करणं मला बेजबाबदारपणा वाटतो.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत याच प्रसंगी निकाल उलटा लागतो. तिथे नाव राहतं ते नंतर तयार झालेल्या नोंदीकडे. आधीच्या नोंदीच्या नावात मधोमध नवी ओळ सुरू करणारं एक न दिसणारं अक्षर, त्यापुढे ‘सीएनएफ’ आणि त्यापुढे तिचा अद्वितीय क्रमांक येतो. त्या न दिसणाऱ्या अक्षरामुळे काही उपकरणांच्या यादीत हे नाव दोन ओळींत तुटलेलं दिसतं आणि ‘करप्ट’ची शंका आणखी बळावते. दोन्ही रचनांमागे विचार आहे. पण एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेलेल्या माणसाने जुना नियम गृहीत धरला, तर तो नेमकी चुकीची नोंद राखेल.

हे सगळे शिक्के घड्याळावर चालतात, त्यामुळे घड्याळाची चूक नोंदींत उतरते. शिक्क्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळेचा तिथे संबंध नाही. पण नवा आभासी सर्व्हर उभारताना कुणी भिंतीवरच्या घड्याळातली वेळ जागतिक वेळ म्हणून भरली, तर तो सर्व्हर साडेपाच तास पुढे धावतो. ३८९ एका दिवसापेक्षा जास्त फरक दिसला तर बदल घ्यायला नकार देतो. साडेपाच तास त्याला चालतात. लाइन तुटलेल्या काळात दोन्हीकडे एकाच माणसाचा फोन क्रमांक बदलला गेला, तर पुढे धावणाऱ्याचा बदल जिंकतो, मग दुसरीकडचा खरोखर नंतरचा का असेना. आणि घड्याळ मागाहून दुरुस्त केलं तरी शिक्के मागे येत नाहीत. शिक्का नेहमी पुढेच गेला पाहिजे, या अटीवरच सगळी रचना उभी आहे. म्हणून दुसरे सर्व्हरही आपला शिक्का त्या पुढच्या वेळेपर्यंत ओढून घेतात आणि ही सरक सगळ्या समूहात मुरते.

पुसलेल्या नोंदींचं प्रकरणही असंच आहे. सर्व्हर नोंद लगेच नष्ट करत नाही. ती गेल्याचं बाकीच्यांना कळावं म्हणून तिचा सांगाडा काही काळ ठेवतो. ३८९मध्ये तो काळ मूळ मांडणीनुसार ७ दिवसांचा आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत तो आधी ६० दिवसांचा होता, विंडोज सर्व्हर २००३च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्या मांडणीत १८० दिवसांचा झाला. एखादा सर्व्हर त्याहून जास्त दिवस बंद राहिला आणि मग सुरू झाला, तर काय काय पुसलं गेलं हे त्याला सांगणारा कुणी उरलेला नसतो. राजीनामा देऊन गेलेला माणूस त्याच्याकडे अजून कामावर असतो. उलट बाजूने असंही होतं, की एका सर्व्हरवर कुणी एक विभाग काढून टाकला आणि त्याच वेळी दुसऱ्यावर त्या विभागात नवा माणूस घातला. आता या माणसाला वरची फांदी नाही. ३८९ तेव्हा फांदीच्या जागी एक पोकळ नोंद उभी करतो आणि माणसाला तिच्यावर टेकवतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी अशा पोरक्या नोंदी ‘हरवले-सापडले’ नावाच्या खास जागी नेऊन ठेवते. पोकळ नोंद पाहून घाबरायचं कारण नाही. तिच्याखाली काय आहे ते मात्र पाहावं.

गटांबद्दल थोडं सांगायला हवं. विंडोज २०००च्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत गटाची सदस्ययादी हा एकच अखंड गुणधर्म होता आणि तो अख्खाच्या अख्खा दुसरीकडे जायचा. दोन ठिकाणी दोघांनी एकाच गटात एकेक माणूस घातला, तर एकाची भर दुसऱ्याच्या यादीखाली पुसली जायची. गटात ५,००० हून जास्त सदस्य ठेवू नका, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस त्या काळातली. विंडोज सर्व्हर २००३ने एकेक सदस्य स्वतंत्र पाठवायची सोय केली. 

इथवरच्या भानगडी निदान दोन सर्व्हरांची माहिती ताडून पकडता येतात. परवानग्यांचा मामला जास्त नाजूक आहे, कारण तिथे माहिती दोन्हीकडे जशीच्या तशी असते आणि तरी ती नाही असं उत्तर मिळतं.

डिरेक्टरीत परवानगी नसल्याचं उत्तर फार वेळा ‘परवानगी नाही’ असं येत नाही, ‘असं काही नाही’ असं येतं. हे मुद्दाम केलेलं आहे. एखाद्या बाहेरच्याने नावामागून नाव विचारत जावं आणि सर्व्हरने कधी ‘नाही’, कधी ‘आहे, पण दाखवणार नाही’ म्हणावं, तर त्यातूनच कर्मचाऱ्यांची यादी बाहेर जाईल. ओपनएलडॅपमध्ये परवानगीच्या पायऱ्या आहेत: काहीच नाही, अस्तित्व कळू देणं, ओळख पटवण्यापुरती, तुलना, शोध, वाचन, लेखन आणि सर्वांत वर व्यवस्थापन. दुसरी पायरी महत्त्वाची. ती असेल तर नकाराचा ५० हा क्रमांक मिळतो, म्हणजे ‘अधिकार अपुरा’. तीही नसेल तर ३२ मिळतो, म्हणजे ‘अशी नोंदच नाही’. नोंद जागेवर आहे, धडधाकट आहे, आणि सर्व्हर तोंडावर सांगतो की ती नाही.

याहून फसवा क्रमांक ० आहे. शून्य म्हणजे काम बिनचूक झालं. कर्मचारी क्रमांकावरून शोध घेतला आणि विचारणाऱ्याला त्या गुणधर्मावर शोधाची परवानगी नसली, तर सर्व्हर ती अट ‘ठरवता येत नाही’ अशी धरतो, नोंद देत नाही आणि शोध यशस्वी झाला असं कळवतो. लॉगमध्ये चूक शून्य, सापडलेल्या नोंदी शून्य. लॉगमध्ये फक्त चुका धुंडाळणाऱ्याच्या नजरेला हे पडणंच शक्य नाही. वाचायला परवानगी नसलेला गुणधर्मही असाच मुकाट्याने वगळला जातो. नोंद येते, पण विभागाची ओळ तिच्यात नसते आणि ती वगळली गेली याची खूणही नसते.

त्यातून तपासणारा माणूस स्वतः बहुधा सर्वाधिकार असलेल्या खात्याने पाहत असतो. त्या खात्याला परवानग्यांचे नियम लागूच होत नाहीत. त्याला नोंद पूर्ण दिसते. तो म्हणतो, “माझ्याकडे तर व्यवस्थित आहे.” तक्रार करणारा म्हणतो, “नाहीच आहे.” दोघंही खरं सांगत असतात.

आता या दोन्ही बाबी एकत्र आल्या की काय होतं ते ओपनएलडॅपमध्ये सगळ्यांत स्पष्ट दिसतं, म्हणून तिथे थोडं थांबू. त्याचं रेप्लिकेशन मागण्याच्या तत्त्वावर आहे. आरएफसी ४५३३ने २००६ साली वर्णन केलेल्या पद्धतीने घेणारा सर्व्हर देणाऱ्याकडे एका खात्याने लॉगिन करतो आणि शोध घेतो. म्हणजे रेप्लिकेशन हाही एक वाचकच. आणि वाचक म्हटला की त्याला परवानग्या लागू झाल्या.

पासवर्डच्या गुणधर्मावर सर्रास घातला जाणारा नियम पाहा: स्वतःचा स्वतःला बदलता येईल, ओळख न पटलेल्याला फक्त लॉगिनपुरता वापरता येईल, बाकी कुणालाही काही नाही. नियम शहाणपणाचा आहे. पण रेप्लिकेशनचं खातं ‘बाकी कुणीही’ यात मोडतं. ओपनएलडॅपमध्ये पहिला जुळलेला नियम लागू होतो, पुढचे पाहिले जात नाहीत. म्हणून खालच्या ओळीत त्या खात्याला सगळं वाचायची मुभा दिलेली असली तरी ती पासवर्डपर्यंत पोचत नाही. नोंदी जातात, नावं जातात, पत्ते जातात, पासवर्ड तेवढे जात नाहीत. नव्या सर्व्हरवर प्रत्येकाचं लॉगिन ४९ या क्रमांकाने, म्हणजे ‘ओळख पटली नाही’ म्हणून फेटाळलं जातं. लोक पासवर्ड बदलत बसतात आणि तो बदलही तिथे कधी पोचत नाही.

दुसरी खोड मर्यादेची. एका शोधात ५०० पेक्षा जास्त नोंदी द्यायच्या नाहीत, असं ओपनएलडॅपचं मूळ धोरण आहे. रेप्लिकेशनच्या खात्याला त्यातून सूट द्यायची राहिली, तर घेणाऱ्याला ५०० नोंदी मिळतात आणि मर्यादा ओलांडल्याची चूक येऊन काम तिथेच थांबतं. चाचणीत शे-दोनशे नोंदी घेऊन ‘सगळं छान चाललंय’ म्हणणाऱ्यांना खरी संस्था जोडल्यावर हे कळतं.

तिसरी बाब खरोखर धोक्याची आहे. काही काळ संपर्क तुटून पुन्हा जुळला, की देणारा सर्व्हर बदललेल्या नोंदी पूर्ण पाठवतो आणि न बदललेल्यांचे फक्त अद्वितीय क्रमांक कळवू शकतो, “या अजून आहेत” एवढंच. घेणाऱ्याकडे जी नोंद आहे पण या यादीत नाही, ती पुसली गेली असं समजून तोही ती पुसतो. आता मधल्या काळात कुणीतरी सुरक्षेसाठी परवानग्या आवळल्या आणि रेप्लिकेशनच्या खात्याला एका विभागाची फांदी दिसेनाशी झाली, तर त्या विभागातली सगळी माणसं यादीत येत नाहीत. घेणाऱ्या सर्व्हरवरून अख्खा विभाग जातो. कुणीही काहीही पुसलेलं नसतं.

चूक लक्षात आल्यावर परवानगी पूर्ववत केली, तरी माणसं परत येतीलच असं नाही. परवानगी बदलली म्हणून नोंदीचा बदल-शिक्का बदलत नाही. देणाऱ्याच्या लेखी त्या नोंदी जुन्याच आहेत, न बदललेल्या. म्हणून तो पुन्हा क्रमांक तेवढे कळवतो, मजकूर पाठवत नाही. घेणाऱ्याकडे तर नोंदीच नाहीत. नियम बरोबर, दोन्ही सर्व्हर सुरू, लॉग शांत आणि विभाग गायब, अशी अवस्था दिवसेंदिवस राहू शकते. उपाय एकच: घेणाऱ्याची माहिती पूर्ण रिकामी करून सगळं नव्याने भरून घेणं. ‘नियम बदलला, आता आपोआप येईल’ म्हणून वाट पाहणाऱ्यांची मला कीव येते, कारण पद्धत कशी चालते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

३८९मध्ये चित्र निराळं आहे. तिथे देणारा स्वतः बदल ढकलतो, आणि ढकलणाऱ्या खात्याला घेणाऱ्याकडे मान्यता लागते. ती नसली, किंवा त्या खात्याच्या पासवर्डची मुदत संपली, तर अर्धवट काही जात नाही, सगळंच थांबतं आणि लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलं जातं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतही रेप्लिकेशनचा हक्क नाकारला गेला तर ८४५३ ही चूक येते. ठणठणीत नकार हा अर्धवट होकारापेक्षा कितीतरी बरा. आणखी एक फरक असा, की ३८९मध्ये परवानगीचे नियम नोंदीतच गुणधर्म म्हणून लिहिलेले असतात, म्हणून ते नोंदीबरोबर दुसऱ्या सर्व्हरवर जातात. ओपनएलडॅपमध्ये ते सर्व्हरच्या मांडणीत असतात, आणि मांडणीचं वेगळं रेप्लिकेशन लावलं नसेल तर प्रत्येक सर्व्हरचे नियम वेगळे राहू शकतात. तीच नोंद, तोच वाचक, पण पुण्यात दिसते आणि नाशिकला दिसत नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची एक सवय इथे सांगायलाच हवी, कारण तिचा ठपका उगाच रेप्लिकेशनवर येतो. महत्त्वाच्या प्रशासक गटांतल्या खात्यांच्या परवानग्या एका नमुन्याबरहुकूम आहेत की नाहीत, हे ती मूळ मांडणीनुसार दर ६० मिनिटांनी तपासते आणि वेगळ्या असतील तर पुन्हा नमुन्यासारख्या करते. मदतकक्षाने दिलेली परवानगी तासाभरात जाते. पुन्हा दिली, पुन्हा जाते. दुसरा सर्व्हर आपले बदल उलटवतोय असा समज होतो. खरं कारण शोधायचं असेल तर ते खातं कधीकाळी अशा गटात होतं का ते पाहावं. गटातून काढल्यावरही त्याच्यावरची संरक्षित असल्याची खूण आपणहून निघत नाही आणि वरच्या फांदीच्या परवानग्या त्याला पुन्हा मिळू लागत नाहीत.

परवानगीचा आणखी एक थर डिरेक्टरीच्या खाली, फाइलींत असतो. सर्व्हर बंद ठेवून बॅकअपमधून माहिती भरताना किंवा अनुक्रमणिका नव्याने बांधताना लोक रूट या यंत्राच्या सर्वोच्च खात्याने आज्ञा चालवतात. ओपनएलडॅपमध्ये तयार झालेल्या फाइलींची मालकी मग रूटकडे जाते. सर्व्हर स्वतः मात्र कमी अधिकाराच्या वेगळ्या खात्याने चालतो, तेव्हा त्याला त्या फाइली उघडता येत नाहीत आणि तो सुरूच होत नाही. डेटाबेस खराब झाला असं ठरवून दुसऱ्यांदा माहिती भरली जाते, पुन्हा रूटनेच. मालकी बदलणारी एक आज्ञा पुरेशी असते.

तेव्हा तक्रार आली की तपास कुठून सुरू करावा? माझ्या मते नोंद उघडण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नोंद कुठल्या सर्व्हरवर पाहिली, कोणत्या खात्याने पाहिली, आणि कधीपर्यंत ती ठीक होती. मग तोच शोध, तीच अट, तेच गुणधर्म घेऊन आधी तक्रारदार प्रणालीच्या खात्याने आणि नंतर सर्वाधिकारी खात्याने, प्रत्येक सर्व्हरवर वेगवेगळा चालवावा. एकाच सर्व्हरवर दोन खात्यांना वेगळं उत्तर आलं तर परवानग्या. सर्वाधिकारी खात्यालाच दोन सर्व्हरांवर वेगळं दिसलं तर रेप्लिकेशन. सगळीकडे सारखंच चुकीचं दिसलं तर कुणीतरी खरोखरच चुकीचं लिहिलंय, आणि लॉगमधून लिहिणारा शोधावा.

रेप्लिकेशनकडे बोट गेलं की नेहमीच्या शोधात न येणारे गुणधर्म नाव घेऊन मागवावेत: अद्वितीय क्रमांक, बदल-शिक्का, संघर्षाची खूण. ओपनएलडॅपमधल्या पोकळ नोंदी तर साध्या शोधाला ३२ देतात, त्यांच्यासाठी व्यवस्थापनाचा खास पर्याय जोडून शोधावं लागतं. ३८९बरोबर येणारं ‘डीएस-रेप्लचेक’ दोन सर्व्हरांतला फरक नोंदीनिशी दाखवतं. परवानग्यांकडे बोट गेलं, तर नियम वाचून डोक्यात सोडवत बसण्यापेक्षा सर्व्हरलाच विचारावं. ओपनएलडॅपचं ‘स्लॅपएसीएल’ एखाद्या खात्याला एखाद्या गुणधर्मावर नेमका काय हक्क आहे ते सांगतं, ३८९ही तशीच विचारणा घेतो. आणि ओपनएलडॅपच्या रेप्लिकेशनबद्दल किंचितही शंका असेल, तर देणाऱ्या सर्व्हरवर रेप्लिकेशनच्या खात्याने सगळ्या नोंदी मोजाव्यात, मग सर्वाधिकारी खात्याने मोजाव्यात. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जुळले तरी एका नोंदीतला पासवर्ड त्या खात्याला दिसतो का, तेही पाहावं.

दुरुस्तीपूर्वी प्रत्येक सर्व्हरची माहिती स्वतंत्रपणे काढून ठेवावी. एकाचीच काढून चालत नाही, कारण हरवलेला तुकडा दुसऱ्याकडेच असण्याची शक्यता जास्त. दुरुस्ती एकाच सर्व्हरवर, साध्या बदलाच्या आज्ञेने करावी आणि ती बाकीच्यांकडे पोचताना पाहावी. दोन्हीकडे एकाच वेळी हाताने तेच बदल करणारा माणूस नवा संघर्ष पेरत असतो. आणि आभासी यंत्राचं कालचं चित्र परत लावून ‘मागे जाण्याचा’ मोह तर कटाक्षाने टाळावा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक सर्व्हर आपले बदल चढत्या आकड्याने मोजतो आणि त्याचे शेजारी कितवरचे बदल मिळाले ते लक्षात ठेवतात. यंत्र मागे नेलं की आकडाही मागे जातो, आणि त्यानंतर त्यावर होणारे बदल ‘हे आम्हाला आधीच मिळालेत’ म्हणून शेजारी घेत नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ने आभासी यंत्राला एक ओळखक्रमांक देऊन यावर तोड काढली, पण तो क्रमांक पुरवणारी आभासी व्यवस्था खाली असेल तरच ती लागू पडते. जुन्या व्यवस्थेवर असा सर्व्हर मागे गेला असेल तर तो समूहातून काढून नव्याने भरती करणं हाच सरळ मार्ग, आणि त्याआधी त्याच्या एकट्याकडे राहिलेले बदल उतरवून घ्यावे लागतात.